ऑगस्टात फिनाईल खपतं म्हणे! किराणा दुकानातल्या डेटा अ‍ॅनालिटिक्सचा दीड वर्षाचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी गल्ल्यावर बसलो होतो, मोबाइल टुंग करून वाजला. ‘ऑगस्टसाठी सुचवलेली खरेदी: फिनाईल १४४ बाटल्या, खराटे ९०.’ मी एकटाच हसायला लागलो. बायको आतून डोकावली, म्हणाली, काय झालं? म्हटलं, आपल्या कॉम्प्युटरला महापुराची स्वप्नं पडायला लागलीत.

आमचं दुकान सांगलीच्या गावभागात. वडिलांनी काढलेलं, छत्तीस वर्षं मी चालवतोय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला त्याच आठवड्यात बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, कारण कर सल्लागाराने दमच दिला होता. नंतर एप्रिल २०२४ मध्ये त्याच कंपनीचा एक तरुण पोरगा बॅग लावून आला. ‘काका, सात वर्षांचा डेटा तुमच्याकडे नुसता पडून आहे. अ‍ॅनालिटिक्सचा प्लॅन घ्या. काय मागवायचं, किती मागवायचं, कशावर पैसे अडकलेत, सगळं मोबाइलवर.’ वर्षाचे साडेसात हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५० रुपये. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, घ्या बाबा, आता मोठमोठ्या कंपन्या पुढच्या पाच वर्षांचं धोरण डेटा बघूनच ठरवतात. मला पुढच्या पाच दिवसांचं ठरवता आलं तरी पुरे होतं. घेतलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांची माणसं फोन उचलतात, गोड बोलतात, आणि मी जे सांगणार आहे ते बहुधा अशा सगळ्याच प्लॅनांना लागू असावं. विकत घेण्याआधी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

पहिला महिना मी डेटा वापरला नाही, धुतला. आमच्याकडे बिलं करणारी पोरं बदलत गेली आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत मालाची नावं टाकलेली. साबुदाणा, शाबू, साबूदाना: तीन माल. शेंगतेल, शेंगदाणा तेल, एस. टेल (हे कुणाचं कर्तृत्व, अजून कळलं नाही). कॉम्प्युटरच्या लेखी माझ्या दुकानात २,३०० प्रकारचा माल होता. रात्री दुकान बंद केल्यावर मी आणि बायको एकोणीस रात्री बसलो. ती नाव वाचायची, मी जुळवायचो. उरले १,६४०. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि आमच्या आडात तर एकाच पाण्याला तीन नावं होती. विकणाऱ्या पोराने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

धुतल्यावर मात्र काही गोष्टी लख्ख दिसल्या, ते कबूल केलं पाहिजे. ३८ हजारांचा माल सहा महिन्यांत हललेला नव्हता. शाम्पूच्या मोठ्या बाटल्या, कुठल्याशा स्कीममध्ये गळ्यात पडलेलं ओट्स, डबाबंद अननस. मला वाटायचं दहा-बारा हजारांचा असेल. समोरच्या फळीवर ऐटीत बसवलेला एक साबण मला चार टक्के देत होता आणि मागे कोपऱ्यात पडलेला पापड अठरा टक्के. फळ्या बदलल्या. बिस्किटांची मुदत संपायच्या महिनाभर आधी सूचना येते, त्यामुळे परत देण्याचा माल वेळेत परत जातो. प्लॅनचे पैसे एवढ्यावरच वसूल झाले. कुणाला फक्त साठा आणि मुदत सांभाळायची असेल तर डोळे झाकून घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आता ‘सुचवलेली खरेदी’.

फिनाईलचा हिशोब मी नंतर मागून घेतला. यंत्राने २०१७ ते २०२३ अशा सात ऑगस्टची सरासरी काढली होती. पाच वर्षं साधारण २४ बाटल्या. २०१९ ला ६००. २०२१ ला २८८. बेरीज १,००८, भागिले सात, १४४. गणितात चूक काढायला जागा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. आमच्या दुकानात पाणी माळ्याला टेकलं. ओसरल्यावर आत गुडघाभर चिखल. मी रस्त्यावर टेबल टाकलं, मिरजेहून टेम्पो मागवला आणि आठ दिवस फिनाईल, खराटे, ब्लीचिंग पावडर, मेणबत्त्या एवढंच विकलं. बिलं मात्र मोबाइलवर करत राहिलो, सवय. जुनी बिलंही कंपनीच्या सर्व्हरवर होती. माल बुडाला, आकडे वाचले. त्याच वाचलेल्या आकड्यांनी पाच वर्षांनी मला १४४ बाटल्या मागवायला सांगितल्या. त्यात फिनाईल किती गेलं ते होतं, दारात पाणी होतं हे कुठेच नव्हतं.

मदत केंद्राला फोन केला. हिंदीत बोलणारी मुलगी भली होती. म्हणाली, सर, तो काळ तुम्ही ‘अपवाद’ म्हणून खूण करू शकता. कुठे? सेटिंगच्या सेटिंगमध्ये, चौथ्या पानावर. केली. फिनाईल २४ वर आलं.

पण खूण करून टाकल्यावर मलाच चुकचुकल्यासारखं झालं. पुराचे दिवस खोडून टाकायचे? नदीकाठच्या दुकानदाराला त्याच दिवसांचा अभ्यास हवा की.

गणपतीत भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. त्याला हे सांगितलं, तर त्याने वॉलमार्टची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये फ्रान्सिस नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दिशेने येत होतं. काहीच आठवड्यांपूर्वी चार्ली नावाचं वादळ येऊन गेलं होतं. वॉलमार्टने चार्लीच्या वेळची दुकानांतली बिलं उपसली आणि वादळाआधी लोक काय नेतात ते बघितलं. बॅटऱ्या जाणार हे कुणीही सांगेल. पण स्ट्रॉबेरीची पॉप-टार्ट, म्हणजे चूल न पेटवता खाता येणारी गोड वडीसारखी वस्तू, नेहमीच्या सातपट गेली होती. आणि वादळाआधी सगळ्यांत जास्त खपलेली वस्तू बिअर! मग फ्रान्सिसच्या वाटेवरच्या दुकानांकडे तोच माल भरून ट्रक निघाले. भाचा म्हणाला, ‘मामा, त्यांनी वादळ खोडलं नाही, वादळाबद्दलच विचारलं.’

मग आम्ही बसलो. सगळी बिलं एक्सेलमध्ये उतरवून घेतली (ही सोय प्लॅनमध्ये आहे, एक गुण जास्त). अडीच लाख बिलं होती. भाच्याने २०१९ आणि २०२१ मधले ते दिवस वेगळे काढले जेव्हा आयर्विनची पातळी तिशीच्या वर होती आणि चढतच होती, पण पाणी अजून गल्लीत आलेलं नव्हतं. सांगलीत त्या दिवसांत कुणी कुणाला ‘जेवलास का’ विचारत नाही, ‘आयर्विनला किती?’ विचारतात.

एका बिलात कुठल्या वस्तू बरोबर जातात हे काढायची पद्धत आपल्याच एका राकेश अगरवालांनी १९९३ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत सहकाऱ्यांबरोबर मांडली, असं भाच्याने सांगितलं. तत्त्व साधं आहे. साखर तर आमच्या दर तिसऱ्या बिलात असते, त्यामुळे साखर कशाबरोबरही दिसते. त्यात अर्थ नाही. बघायचं ते हे, की नेहमीच्या मानाने ती जोडी किती जास्त दिसते.

मेणबत्त्या, काडेपेट्या, सुतळी, मोकळी पोती हे सगळं आलंच, मला पाठ होतं. पण एक जोडी मी कधीच हेरली नव्हती. एरवी शंभर बिलांत सहा बिलांवर चहा आणि साखर एकत्र असते. त्या दिवसांत सतरा. तीही पाव किलो चहा, एक किलो साखर, बाकी बिलात काही नाही, फार तर बिस्किटाचा पुडा. भाचा म्हणाला, लोक साठा करत असतील. मी म्हटलं, साठा करणारा माणूस तांदूळ, पीठ नेईल. चहा-साखरच का?

बायको भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, ‘अहो, लोक पाहुण्यांकडे निघालेले असतात. विश्रामबागेला वन्संकडे आपण गेलो तेव्हा मी काय घेतलं होतं पिशवीत? पाचजण कुणाच्या घरी जाऊन पडायचं आणि त्यांचाच चहा दिवसातून चार वेळा प्यायचा? रिकाम्या हाताने कसं जायचं?’

आम्ही दोघं गप्प. जोडी यंत्राने दाखवली, कारण स्वयंपाकघरातून आलं. यंदाच्या पावसाळ्यात नदी वर यायला लागली तशी मी तीस पिशव्या बांधून ठेवल्या: पाव चहा, किलोभर साखर, एक पुडा. काहीही बोललो नाही, नुसत्या समोर टांगल्या. दोन दिवसांत सव्वीस गेल्या. एक आजी म्हणाल्या, ‘बरं झालं बांधून ठिवलंस, माज्या ध्येनातच आलं नसतं.’

एवढं कौतुक पुरे. आता कंपनीने खरोखर सुधारावं असं सांगतो.

यांना पंचांग माहीत नाही. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे, तेहतीस बत्तासे, जे काय वाण द्यायचं ते. आमच्याकडे त्या महिन्यात बत्तासे आणि अनारशाचं पीठ तुफान गेलं. २०२४ च्या जुलैत सूचना: ‘बत्तासे १२ किलो मागवा, मागणी वाढण्याची शक्यता ८७ टक्के.’ कुठल्या जावयासाठी? तसंच दिवाळीचं. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, २०२४ ला १ नोव्हेंबरला. फराळाचा बाजार अर्थातच ऑक्टोबरमध्ये आला, आणि यंत्र म्हणतंय रवा-बेसन नोव्हेंबरसाठी भरा. ज्याच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे त्याला हे कळतं, ८,८५० रुपयांच्या यंत्राला कळत नाही. सरळ तिथीचा एक रकाना द्या की हो.

डिसेंबरात त्याने हळकुंडं आणि बेडगी मिरची ‘मृत साठा’ म्हणून लाल केली, नव्वद दिवसांत हालचाल नाही म्हणून. सांगलीत हळदीला मृत म्हणणारा पहिला प्राणी. वर्षाची चटणी मार्च ते मेमध्ये होते, तोवर कोण हात लावणार?

उधारीचं तर विचारू नका. आमची चाळीसएक घरं महिन्याचा माल वहीवर नेतात आणि बिल महिनाअखेरीस एकदम होतं. यंत्राला वाटतं सगळा गावभाग तीस तारखेला धावत येतो. ‘महिनाअखेरीस गर्दी, एक जादा कर्मचारी ठेवावा.’ तीस तारखेला मी एकटा बसून वहीवरून बिलं उतरवत असतो, दुकानात माशी नसते.

आणि ‘तुमच्या भागाशी तुलना’ हा एक प्रकार आहे. ‘तुमच्या परिसरातील दुकानांपेक्षा तुमची डिटर्जंट विक्री २२ टक्के कमी.’ पहिल्यांदा वाचून बरं वाटलं, मग खटकलं. मला शेजाऱ्यांची सरासरी दिसते म्हणजे त्या सरासरीत मीही आहे. भाच्याला विचारलं होतं, माझी अडीच लाख बिलं पेनड्राइव्हवर मावतात, मग लोक ‘बिग डेटा’ म्हणतात, यात ‘बिग’ ते काय? तो म्हणाला, २००१ मध्ये डग लेनी नावाच्या विश्लेषकाने तीन गोष्टी मांडल्या: आकारमान, वेग, विविधता. हे तिन्ही जिथे एकदम येतं तिथे नेहमीची साधनं अपुरी पडतात. माझं दुकान त्यात बसत नाही. पण माझ्यासारखी हजारो दुकानं क्षणाक्षणाला ज्यांच्या सर्व्हरवर बिलं ओततात त्यांच्याकडे मात्र ते आहे. साबणाच्या कंपनीला कुठल्या पेठेत कुठला साबण हलत नाही हे कळण्यासाठी आता सेल्समनची गरज नाही. मी वर्षाला ८,८५० देतो आणि वर माझी बिलंही देतो. करारात ‘ओळख काढून टाकलेली माहिती भागीदारांना देण्याची संमती’ अशी ओळ होती, मी न वाचताच टिकमार्क केली होती. ती आता काढली. काढता येते, पण शोधावं लागतं.

गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर घ्या असाही त्यांचा आग्रह असतो. आपल्याकडे २०२३ ला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, हे त्यांच्या पोराला मीच सांगितलं. एका आजीबाईंना नंबर विचारला, तर म्हणाल्या, ‘आरं रोज येतीया की मी, फोन कशाला करतोस?’ तेव्हापासून विचारणं बंद.

हे सगळं चालवून घेता येतं. मला खरा फटका बसला तो शाळूच्या बाबतीत.

मंगळवेढ्याचा शाळू आम्ही पूर्वीपासून ठेवतो, दहा किलोच्या पिशवीत. गेल्या हिवाळ्यात यंत्राने लिहिलं, ‘शाळू: सातत्याने घटती मागणी. खरेदी ४० टक्के कमी करा.’ आलेख बघितला, खरंच उतरता होता. म्हटलं, लोक भाकरी सोडून चपातीवर आले असतील. ऐकलं त्याचं, खरेदी कमी केली.

फेब्रुवारीत एका दिवशी सकाळी एक काका आले, शाळू दोन किलो द्या. म्हटलं, दहाची पिशवी आहे. ‘एवढा घेऊन काय करू, आम्ही दोघंच.’ गेले. दुपारी एक बाई, तेच. संध्याकाळी तिसरा आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरं पुण्याला, बंगळूरला. गावभागात घराघरांत दोन-दोन म्हातारी माणसं उरलीत. दहा किलो शाळू त्यांना तीन महिने पुरतो आणि दोन महिन्यांत किडे होतात. भाकरी कुणी सोडलेली नव्हती. दहा किलो सोडलं होतं. आणि दोन किलो न मिळाल्याने परत गेलेल्या माणसाचं बिल होत नाही, त्यामुळे यंत्राच्या लेखी तो माणूस आलाच नव्हता.

वडील एक वही ठेवायचे. लाल पुठ्ठ्याची, गल्ल्याखाली. तिला आम्ही ‘नाहीची वही’ म्हणायचो. कुणी काही मागितलं आणि आपल्याकडे नसलं की त्यात नाव लिहायचं, पुन्हा कुणी मागितलं की पुढे एक रेघ. पाच रेघा झाल्या की ते गणपती पेठेत जाऊन तो माल आणायचे. ‘आहे’चा हिशोब मुनीमसुद्धा ठेवतो, म्हणायचे, ‘नाही’चा मालकाने ठेवावा. कॉम्प्युटर आला त्या वर्षी ती वही मी बंद केली. आता सगळं यातच येतं ना, म्हणून!

मदत केंद्राला फोन. ‘मागितलं, नव्हतं’ असं एक बटण द्या म्हटलं. मुलगी म्हणाली, सर, आपकी सूचना आगे भेजती हूँ. तीन वेळा पुढे गेली, कुठवर पोहोचली देव जाणे. आधी मी शून्य रुपयाची बिलं करून बघितली. कर सल्लागार खवळला, विवरणपत्रात घोळ होतो म्हणून. मग युक्ती सापडली, आणि ही ज्यांच्याकडे असं सॉफ्टवेअर आहे त्यांनी जरूर करावी. बिलाऐवजी कोटेशन करायचं. गिऱ्हाइकाचं नाव ‘नाही’. माल आणि मागितलेलं वजन टाकायचं, सेव्ह करायचं. कोटेशनने ना साठा हलतो, ना कर लागतो. महिन्याला ‘नाही’ या गिऱ्हाइकाचा अहवाल काढायचा. माझं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तेच निघालं.

तीन महिन्यांत २१४ नोंदी. शाळू दोन किलो: ४७. त्याखालोखाल नाचणीचं पीठ, मग बिनपॉलिशचा तांदूळ, मग चक्क लाकडी रवी. दोन किलोच्या पिशव्या बांधायला लागलो, आता महिन्याला साठएक जातात. ते सकाळचे काका दर पंधरवड्याला येतात. आलेख वर वळला आहे, आणि यंत्राने तेवढ्याच आत्मविश्वासाने लिहिलं: ‘शाळू: वाढती मागणी, खरेदी वाढवा.’

पाचपैकी तीन तारे. साठा, मुदत आणि नफ्याच्या अहवालाला साडेचार देईन. सुचवलेल्या खरेदीला दोन, तेही एक्सेलमध्ये सगळं उतरवून देतात म्हणून. ज्याच्या घरात बिलं वाचून ‘असं का?’ विचारणारं आणि त्याचं उत्तर देणारं माणूस आहे त्याने घ्यावं. आमच्याकडे ते भांडी घासता घासता उत्तर देतं. प्लॅन पुन्हा भरलाय, तुलनेचा भाग बंद करून.

आज दुपारपर्यंत ‘नाही’च्या नावावर तीन नोंदी झाल्यात. काळे मनुके पाव किलो, दोनदा. समईच्या वाती. तासगावला फोन लावतो, मनुक्यांचं संध्याकाळपर्यंत कळेल.